सोलर बसवायच्या आधी सावली बघा

पॅनल कुठल्या कंपनीचं घेऊ हा प्रश्न नंतर, आधी छतावर जाऊन सावली बघा. सकाळी, दुपारी, चारच्या सुमारास, आणि जमलं तर हिवाळ्यात, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. पाण्याची टाकी, शेजारची भिंत, डिशची काठी, सगळं धरा, कारण पॅनल बहुतेक वेळा सिरीजमध्ये, म्हणजे साखळीसारखी एकापुढे एक, जोडलेली असतात आणि एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या ओळीचं जनरेशन खाली येऊ शकतं. पॅनलमध्ये बायपास डायोड, म्हणजे सावलीतला भाग वगळून करंटला वाट देणारे छोटे भाग, असतात हो, पण त्यांनी नुकसान कमी होतं, संपत नाही. सावली टळतच नसेल तर मायक्रोइन्व्हर्टरचं विचारा, म्हणजे प्रत्येक पॅनलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र), महाग पडतो पण अशा छतावर खरंच कामाला येतो.

आणि लाइट गेली तरी आपलं चालू राहील असं धरून चालू नका. साधी ऑनग्रिड सिस्टीम, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली, ग्रिड गेली की मुद्दामच बंद होते, नाहीतर आपली वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅकअप पाहिजे तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा.

जास्त उष्णता म्हणजे जास्त वीज असंही नाही, पॅनलमधला सेल 25 अंशांच्या वर तापला की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के पॉवर कमी होते, म्हणून पॅनल छताला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या.

बाकी सोलर मला मनापासून आवडतं, आवाज नाही, धूर नाही, पॅनल 25 वर्षं सहज काढतं. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच हिशोबात धरा.