गुलबक्षीतला उसना ‘क्ष’

विचारणा अशी आहे: कुंपणापाशी कोणी न लावता एक झुडूप उगवले आहे, त्याला एकाच फांदीवर राणी रंगाची आणि पिवळी फुले येतात, ती दिवसभर मिटलेली असतात, दुपारी चारनंतर उमलतात, आणि खाली मिऱ्यासारख्या काळ्या बिया पडतात. हे झाड कोणते, आणि सासूबाई म्हणतात ती ‘गुलबक्षी’ बरोबर की शेजारच्या काकू म्हणतात ती ‘गुलबाक्षी’?

ओळख पटवायला एक बी पुरेशी आहे. ती नखाने फोडावी. आत पिठासारखा पांढरा गर निघाला की शंका उरत नाही, ही गुलबक्षीच. (बी विषारी आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नये.)

आता शब्दाकडे येतो, कारण ‘गुलबाक्षी म्हणजे गुलाबासारखे डोळे असलेली, जशी मीनाक्षी’ हे स्पष्टीकरण मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकताच कपाळाला आठ्या पडतात. या आठ्यांकडे पुढे पुन्हा यायचे आहे. या शब्दात ‘अक्षी’ नाही, गुलाबही नाही. फारसीत ‘गुल’ म्हणजे कोणतेही फूल. मूळ शब्द ‘गुल-ए-अब्बास’. त्याचा ‘गुलबास’ झाला, ‘गुलबाशी’ झाला, आणि मग साध्या ‘श’ने समाधान न झालेल्या कोणा शिष्टाने त्यात ‘क्ष’ बसवला. नक्षी, बक्षीस, रिक्षा या परक्या शब्दांत ‘क्ष’ शोभतो, कारण त्यांच्या मूळ उच्चारात ‘श’च्या आधी क किंवा ख आहे, अब्बासात तसे काहीच नाही, म्हणजे हा ‘क्ष’ निव्वळ उसना. याउलट ‘बक्षी’ या हुद्द्याशी या फुलाचे नाते जोडणारे एक जाणकार मला भेटले होते. त्यांनी पुराव्यादाखल फक्त आवाज चढवला.

हा अब्बास कोण? इराणचा शहा अब्बास, राज्यकाळ 1588 ते 1629, असे सर्रास सांगितले जाते, आणि ते काळाशी जुळतेही, कारण हे झाड मूळचे अमेरिकेतले असून सोळाव्या शतकात समुद्र ओलांडून युरोपात पोचले. इराणात त्याला आजही ‘लाले-अब्बासी’ म्हणतात, आणि त्यातली ‘ई’ एखाद्या अब्बासाकडेच बोट दाखवते, हे मलाही कळते. तरीही माझे मन दुसरीकडे ओढ घेते. अरबीत ‘अब्बास’चा अर्थ कपाळाला आठ्या घालणारा असा आहे, सिंहालाही त्यावरून हे नाव मिळाले. आता भर दुपारी या झुडपासमोर उभे राहून पाहावे: कळ्या चुण्या पाडून, पीळ घालून बसलेल्या असतात, आदल्या रात्रीची फुले आक्रसून गेलेली असतात, बीसुद्धा सुरकुतलेली असते. उन्हावर रुसलेले आणि संध्याकाळी कपाळ सैल सोडणारे हे फूल पाहून पहिल्यांदा ‘अब्बास’ म्हणणाऱ्याच्या मनात राजाच असेल, असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, आणि कोशकारांनी तो हसण्यावारी नेला तरी मी तो सोडणार नाही. वेळेवरून नाव ठेवण्याची हौस तर आपल्या शेजाऱ्यांनाही आहे: मल्याळममध्ये हे ‘नालुमणिप्पूवु’, म्हणजे चार वाजताचे फूल, आणि बंगालीत ‘संध्यामालती’.

बरोबर काय, हे विचारले होते. व्युत्पत्तीला धरून ‘गुलबाशी’, रूढीला धरून ‘गुलबक्षी’. रूढीपुढे मी हरलो आहे, रंगाचे नावही त्याच रूपात पक्के झाले आहे. ‘गुलबाक्षी’ मात्र मी लिहिणार नाही. आणि झाड नको असेल तर नुसते उपटून भागणार नाही, कारण जमिनीत त्याचा जाड कंद राहतो आणि तो पुन्हा फुटतो. तो खणूनच काढावा लागेल.