सही करायची घाई नको

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या फोनवरून पाठवलेला तुझा लांबलचक निरोप वाचला. नवऱ्यापासून वेगळी होऊन तू लेकरांना घेऊन माहेरी आलीस. आता शिलाई मशीन घेऊ का आणि त्यासाठी गळ्यातली पोत मोडू का, असं तू विचारलंयस. मशीनचं नंतर बघू. मी अडकले ते मधल्या एका ओळीत. ‘दादा म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून देऊ आणि मोकळी हो.’

त्या कागदावर सही करू नकोस. नोटरीपुढे लिहून दिल्याने लग्न मोडत नाही, ते कोर्टातच मोडतं. काही समाजांत रूढीने काडीमोड होते, पण उद्या वाद झाला तर ती रूढीसुद्धा कोर्टात शाबित करावी लागते. मग असा कागद करायची सासरच्यांना एवढी हौस का? तर त्यात खाली दोन ओळी असतात : ‘माझे सोनेनाणे मला मिळाले’ आणि ‘यापुढे पोटगी मागणार नाही’. सगळा खटाटोप त्या दोन ओळींसाठी. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. असे कागद घेऊन येणाऱ्या बायका मोकळ्या झालेल्या नसायच्या, नुसत्या रिकाम्या झालेल्या असायच्या.

आणि दुसरी सही. ती तुझ्या निरोपात नाही, पण आज ना उद्या समोर येईल. हक्कसोड, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. तू माहेरी राहतेस, भाऊ वाईट नाही, भावजय तुझ्या दोन पोरांचं करते. एखाद्या दिवशी तलाठ्याकडे ‘जरा येऊन जा’ म्हणतील. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ लाच तसा कायदा झाला होता. तरी बहिणी सह्या करतात, कारण माहेरचं दार उघडं राहावं. तुझी अडचण त्याहून मोठी आहे, तुला त्या दारातच राहायचंय. हिस्सा मागितलास तर छप्पर जाईल, सोडलास तर म्हातारपण जाईल. माझं मत विचारशील तर आज मागू नकोस आणि सोडूही नकोस. ‘आई आहे तोवर राहू दे’ एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. त्याबदली घरात महिन्याला काहीतरी दे. पैसा हातात देण्यापेक्षा तेल, साखर, गॅसची टाकी आण. दिसतं ते लक्षात राहतं.

आता काढायच्या कागदांबद्दल. आधी रेशनकार्ड. तुझं आणि दोन्ही लेकरांचं नाव अजून सासरच्या कार्डावर आहे. माणशी पाच किलोप्रमाणे तुम्हा तिघांचं पंधरा किलो धान्य दर महिन्याला तिकडचा कुणीतरी अंगठा लावून उचलत असणार. नाव कमी करायला ते सही देणार नाहीत. ती मागत फिरू नकोस. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज दे, वेगळी राहत असल्याचा तलाठी-ग्रामसेवकाचा दाखला जोड आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा तर कार्डाची कुटुंबप्रमुख घरातली थोरली बाईच धरतो. वेगळं कार्ड झालं की इथला पत्ता, उत्पन्नाचा दाखला, पुढचे सगळे अर्ज त्याला धरून चालतात.

‘लाडकी बहीण’चे दीड हजार तुला मिळतात, म्हणजे संजय गांधीचे दीड हजार वर मिळायचे नाहीत, दोन्हींतलं एकच. संजय गांधीला वर्षाच्या उत्पन्नाची अट २१ हजारांची आहे. म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये! हा आकडा ठरवणाऱ्याने कधी किराणा आणला नसावा. ते जाऊ दे. तुझ्या कामाची योजना वेगळीच आहे आणि ती गावात कुणी सांगत नाही : बालसंगोपन. एकाच पालकाजवळ वाढणाऱ्या मुलाला, अठरा वर्षांपर्यंत, महिन्याला २,२५० रुपये. तुझी दोन लेकरं. अर्ज तहसीलला नाही, जिल्ह्याला महिला व बालविकास कार्यालयात, आणि मंजुरी बालकल्याण समितीची. मुलांना घेऊन जावं लागेल. पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत, मग एकदम येतात, तेव्हा ते महिन्याच्या खर्चात धरू नकोस.

लेकीचा शाळेचा दाखला ‘वडील आल्याशिवाय देत नाही’ म्हणतात ना? दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात आहे. तिला उद्याच इथल्या शाळेत बसव.

पोटगीचा अर्ज मात्र कर. ‘त्याच्याकडून छदामही नको’ हा तुझा बाणा मला कळतो, पण तो पैसा पोरांचा आहे. पोटगीचं पूर्वीचं १२५ कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. नवरा पुण्यात असला तरी अर्ज इथल्या कोर्टात करता येतो. अंतरिम पोटगीचा निकाल शक्यतो साठ दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. कोर्ट कसं चालतं ते तू बघशीलच. तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. एक गोष्ट वकीलही सांगायला विसरतात : हुकूम झाला आणि नवऱ्याने पैसे थकवले, तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा. वर्ष उलटलं की त्या महिन्याची रक्कम या वाटेने वसूल करणं अवघड होतं.

आता मशीन. गावात किती मशिनी आहेत ते मोज. ब्लाउजला ओळखीचं गिऱ्हाईक उधारीवर येतं आणि ‘आपलीच आहेस’ म्हणून पैसे द्यायचं विसरतं. पोत मोडून मशीन घ्यायला माझी संमती नाही. मामा म्हणतो तसं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणंही नको. मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, कुणा बाप्याबरोबर जोडी लावून जायचं, उचल त्याच्या हातात, आणि लेकरं फडात. मुलीची शाळा चार-पाच महिने बुडाली की ती परत नीट लागत नाही.

तू बारावी झालीस हे तू स्वतःच विसरलेली दिसतेस. अंगणवाडी मदतनिसाला आता बारावी लागते आणि बाई त्याच गावची रहिवासी लागते. मानधन थोडं आहे, पण ते बाईला बाप्यापेक्षा कमी रोज देणाऱ्या शेतमालकाच्या मर्जीवर नाही. जागा निघेल तेव्हा इथला पत्ता तुझ्या नावे असायला हवा, म्हणून मी रेशनकार्डाच्या मागे लागले.

तुझ्या नावावर उचललेल्या बचत गटाच्या कर्जाचा हप्ता राहिलाय असं आई म्हणाली. पैसे नवऱ्याने गाडीत घातले, सही तुझी. फेडायला दुसऱ्या गटाचं कर्ज काढू नकोस. गटाच्या बैठकीत उभी राहून सांग, हप्ता लहान करून माग. लाज वाटेल, वाटू दे.

मंगळसूत्र घालू की नको, हळदीकुंकवाला जाऊ की नको, यावर तू पानभर लिहिलंयस. कोल्हापूरकडच्या हेरवाडने २०२२ साली विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही त्याचं परिपत्रक काढलं. पण तुझ्यासारख्या, ना नांदत्या ना मोकळ्या, बाईबद्दल कुठल्या ग्रामसभेने काय ठरवलं ते माझ्या कानावर नाही. एसटीत आणि बाजारात मंगळसूत्राचा उपयोग होत असेल तर घाल, काच होत असेल तर डब्यात ठेव. कोर्टात जाताना लग्नाचे फोटो, पत्रिका आणि मुलांचे जन्मदाखले ने, ते जास्त कामाचे.

तलाठ्याच्या दाखल्याचा अर्ज मी लिहून सोबत पाठवतेय. नाव-गाव भर, दोन प्रती काढ. दादाला माझा नंबर दे, फारकतीबद्दल मी त्याच्याशी बोलते. तू भांडू नकोस, तुला त्याच घरात राहायचंय.

तुझी,
आईची मैत्रीण मावशी