'रेणू सापडला' असं अजून लिहू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मादी पतंगाच्या गंधग्रंथीच्या अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) आलेखात शिखर उमटलं आणि नेमक्या त्याच क्षणी नराच्या शृंगिकेनंही (डोक्यावरच्या स्पर्शिकेनंही) सिग्नल दिला, हे वाचून मलाही राहवेना. तरी नराला ओढणारा 'रेणू सापडला' असं अजून कुठे लिहू नकोस.

ओकची झाडं बोडकी करणारा तो स्पाँजी मॉथ हा पतंग आठव. १८६९च्या सुमारास बोस्टनजवळच्या मेडफर्डमध्ये ट्रूव्हलो या कीटकांच्या हौशी अभ्यासकाच्या घरून निसटलेला. त्याच्या मादीला उडता येत नाही. ती खोडावर बसून गंध सोडते आणि नर भर दिवसा तिला हुडकत येतो. १९६० मध्ये जेकबसन, बेरोझा आणि जोन्स यांनी पाच लाख माद्यांपासून काढलेल्या पदार्थाला 'जिप्टॉल' म्हणून जाहीर केलं. पुढे शुद्ध जिप्टॉल तपासलं, तर नर त्याच्याकडे फिरकेनात. आधी नर आले होते ते त्यातल्या किंचित भेसळीमुळे! खरा रेणू, डिस्पार्ल्युअर नावाचा एपॉक्साइड (ऑक्सिजनसह तीन अणूंचं कडं असलेलं संयुग), १९७० मध्ये बियर्ल, बेरोझा आणि कोलियर यांनी दाखवला. बेरोझांचं नाव दोन्ही निबंधांवर आहे. आपलीच चूक दहा वर्षांनी खोडायला केवढी हिंमत लागत असेल!

आणि गोष्ट तिथेही संपली नाही. डिस्पार्ल्युअरची दोन रूपं आहेत, डाव्या-उजव्या हातासारखी. धन रूपाला नर येतो. ऋण रूप मिसळलं की त्याची ओढ मंदावते. म्हणून तुझा रेणू असममित असेल, म्हणजे त्याचीही अशी दोन रूपं असतील, तर दोन्ही रूपं वेगवेगळी बनवून घे.

मादीची गंधग्रंथी कधी कापतोस, ते तू लिहिलं नाहीस. मादी पोटाचं टोक वर उचलून ग्रंथी बाहेर काढते, त्याच वेळी काप आणि लगेच हेक्झेन या विद्रावकात टाक. एरवी त्या ग्रंथीत फारसं काही नसतं. आणि शृंगिकेच्या सिग्नलवर भिस्त ठेवू नकोस. नराला दूर ठेवणाऱ्या रेणूलाही ती जोरात उत्तर देऊ शकते.

आता कृत्रिम रेणू शुद्ध करून कामगंध सापळ्यात घाल. शेजारी एक सापळा नुसत्या विद्रावकाचा, एक जिवंत मादीचा. दर दिवशी त्यांच्या जागा बदल. तिन्हींत किती नर अडकले, ते आकडे आधी मला पाठव.

तुझे,
सर