इमारतीला निधी आला, वर्गात काय आलं?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजला ‘रूसा’ या सरकारी योजनेतून दोन कोटी मिळाले. इमारत झाली, प्रोजेक्टर बसले. पण भौतिकशास्त्राला तासिका तत्त्वावरचे सर होते, तेही सत्राच्या मध्येच सोडून गेले. हा पैसा शिकवणं सुधारण्यासाठीच होता ना? आम्ही विचारायचं कुणाला?
– एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, तो पैसा नियमाप्रमाणेच खर्च झाला असेल, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजेच ‘रूसा’, २०१३ मध्ये सुरू झालं. त्यातल्या महाविद्यालयांच्या दोन कोटींची विभागणी ठरलेली होती : ३५ टक्के नवं बांधकाम, ३५ टक्के जुन्याची डागडुजी, ३० टक्के उपकरणं. यातून शिक्षकाचा पगार निघत नाही. रिकामी पदं भरण्याची हमी राज्यांनी द्यायची होती. इमारती उभ्या राहिल्या, पदं मात्र रिकामीच राहिली. २०२३ पासून ही योजना ‘पीएम-उषा’ या नावानं चालते.

शिक्षकावर खर्च होणारा सरकारी पैसाही आहे, त्याची चर्चा कमी होते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत शिक्षकांना प्रशिक्षण देणारी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. आज तीच मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्रं म्हणून ओळखली जातात. पुण्यात, नागपुरात, अमरावतीतही आहेत. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. अशाच एका उजळणी वर्गात आम्हाला तीन दिव्यांचं सर्किट दाखवलं आणि बटण दाबण्याआधी सांगितलं, ‘कोणता दिवा जास्त उजळेल ते आधी लिहा, मग शेजाऱ्याशी भांडा.’ एम. एस्सी. झालेले आम्ही तावातावानं भांडलो. परत आल्यावर मी वर्गात तेच सुरू केलं, आणि कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकांवरची मुलं उठून वाद घालू लागली. प्रोजेक्टर नव्हता, लागलाही नाही.

पण हे वर्ग पूर्णवेळ शिक्षकाच्या पदोन्नतीशी जोडलेले आहेत. तासिकेवरच्या सरांना पदोन्नतीच नाही. ते प्रशिक्षणाला गेले तर तेवढे तास बुडतात, आणि बुडालेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत. ते मध्येच गेले म्हणून त्यांच्यावर रागावू नका. तासांवर मोजलेल्या पैशांत घर चालत नाही. सरकारनं खरा पैसा ओतायला हवा तो इथे, असं माझं ठाम मत आहे.

आता विचारायचं कुणाला? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. विकास आराखडा आणि अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं. शिक्षक प्रतिनिधी तिच्यात असतात, त्यांना भेटा. ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेकडून मूल्यांकन झालेल्या कॉलेजला वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि किती शिक्षकांनी प्रशिक्षण घेतलं, एवढं पाहा. अहवाल सापडला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा; अनुदानित कॉलेजला तो लागू आहे.

चार-पाच पालक मिळून प्राचार्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात इमारतीचा विषय काढू नका. एवढंच विचारा : भौतिकशास्त्राचे उरलेले तास कोण घेणार, आणि कोणत्या तारखेपासून?