कून व्हॅलीचे पट्टे टिकले, नेब्रास्कातल्या झाडांच्या रांगा का गेल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांच्या रानात बांध, समपातळी पट्टे, झाडांच्या रांगा असे प्रचंड काम केले. पुढे सत्तरच्या दशकात शेतकऱ्यांनीच त्यातले बरेच मोडून काढले. मग ते मुळात लादलेले होते का, आणि मोडायचेच होते तर केले कशाला?

लादलेले नव्हते. मोडले हे खरे, पण सगळीकडे नाही. कुठे मोडले आणि कुठे टिकले हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की बराच उलगडा होतो. माझी सगळी नोकरी कोरडवाहू भागात मृदसंधारणाच्या कामावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: जिथे गोठ्यात गाई होत्या आणि त्यामुळे रानातल्या गवताला घरातच गिऱ्हाईक होते, तिथे काम टिकले. जिथे गवत हा नुसता सरकारी कागदावरचा उपाय होता, तिथे भाव चढल्याबरोबर ते नांगराखाली गेले.

धुळीची वादळे हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. वाऱ्याने माती उडाली ती पश्चिमेकडच्या सपाट मैदानांत. पूर्वेला आणि दक्षिणेला कापसाच्या, तंबाखूच्या रानांतून पाण्याने माती नेली, आणि तेही शंभर-दीडशे वर्षे आधीपासून. ह्यू हॅमंड बेनेट हा माणूस तिथलाच. जन्म १८८१, नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲन्सन काउंटीत, कापूस पिकवणाऱ्या घरात. १९०३ पासून तो केंद्रीय कृषी खात्यात माती सर्वेक्षणाला लागला. १९०५ साली व्हर्जिनियातल्या लुईसा काउंटीत त्याने एकाच उतारावरच्या दोन जागा पाहिल्या. झाडीखालची माती भुसभुशीत, हाताने उकरता येईल अशी. शेजारच्या वहितीतली कडक चिकणमाती. मूळ जमीन एकच होती. वरचा थर पावसागणिक पातळ सालीसारखा निघून गेला होता आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपण जिला सालकाढी धूप म्हणतो ती हीच. घळ पडली की डोळ्यांना दिसते, साल निघते ती दिसत नाही. बेनेटने पुढची पन्नासेक वर्षे हेच सांगण्यात घालवली. १९२९ मध्ये संसदेने धुपेच्या अभ्यासासाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले, त्यातून प्रयोग केंद्रे उभी राहिली. १९३३ मध्ये बेनेटच्या हाताखाली स्वतंत्र विभाग आला आणि २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला. त्याच महिन्यात, १४ एप्रिलला, मैदानी प्रदेशात ते कुप्रसिद्ध काळे वादळ होऊन गेले होते. कायदा झटपट मंजूर होण्यात त्या धुळीचाही वाटा होता.

आता कून व्हॅली. विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात हिमयुगातल्या बर्फाने न घासलेला डोंगराळ टापू आहे. अरुंद माथे, तीव्र उतार, खाली चिंचोळ्या दऱ्या. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी तिथे आधी गहू केला, मग दूधधंदा. उतारावर मका, डोंगराच्या कडेच्या झाडीत गुरांची चराई. झाडीतली जमीन गुरांच्या पायाखाली दाबली गेली, पाणी मुरेना, माथ्यावरचे पाणी घळी पाडत खाली येऊ लागले. दरीतल्या चांगल्या जमिनीवर गाळ बसून ती काही ठिकाणी कित्येक फूट वर चढली, आणि प्रत्येक मोठ्या पावसाला पूर. १९३३ मध्ये देशातला पहिला पाणलोट प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून या सुमारे ९०,००० एकरांच्या खोऱ्याची निवड झाली.

तिथली पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याबरोबर पाच वर्षांचा लेखी करार. सरकारने चुना, बियाणे, खत, कुंपणाची तार आणि मजुरी द्यायची. मजुरीला सरकारी रोजगार छावण्यांतली बेकार तरुण मुले होती. शेतकऱ्याने झाडीत गुरे सोडायची नाहीत, पिकांची फेरपालट पाळायची आणि उतारावर पट्टापेर करायची. नकाशा एकेका बांधाचा नसे, अख्ख्या शेताचा असे: कुठला तुकडा पिकाला, कुठला कुरणाला, कुठला झाडीला. करार ऐच्छिक होता. खोऱ्यातल्या सगळ्यांनी तो केला नाही, पण शेजाऱ्याचे रान पाहून पुढे बरेच जण आले. वन्यजीवांचा अभ्यासक आल्डो लिओपोल्ड या कामात सल्लागार होता. त्याला यातली नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची वाटली, की माती, पाणी, झाडी आणि पक्षी यांचा विचार एकाच शेतावर एकत्र झाला.

पट्टापेर म्हणजे रानात प्रत्यक्ष काय, ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच आहे. तंत्रज्ञ पातळीयंत्र घेऊन उताराच्या मधोमध उभा राहतो. शेतकरी किंवा त्याचा मुलगा पट्टी धरून पुढे जातो. सारखी पातळी जिथे मिळेल तिथे खुंटी. पंधरा-वीस पावलांवर दुसरी. खुंट्यांची रांग डोंगराच्या अंगाने वळत जाते, आणि पहिला तास त्या रांगेने पडतो. मग त्याला धरून वर-खाली पट्टे: एक मक्याचा, एक ओटचा, एक लसूणघासाचा किंवा क्लोव्हर-टिमोथी गवताचा. मक्याच्या पट्ट्यातून सुटलेले पाणी खालच्या गवतात शिरले की त्याचा वेग मोडतो, माती तिथेच बसते. पुढच्या वर्षी पट्टे जागा बदलतात.

अडचण अशी की अमेरिकेतली बहुतेक जमीन १७८५ च्या कायद्यापासून चौरस मैलाच्या चौकटीत मोजलेली. कुंपणे सरळ, रस्ते सरळ, म्हणून तासही सरळ, मग उतार कसाही असो. सरळ तास काढणे ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली जाई. वळणाच्या पट्ट्यांत कोपऱ्यांना निमुळते होत जाणारे आखूड तास उरतात. तिथे यंत्र वळवायचा त्रास, आणि बी-वेळ दोन्ही वाया. शिवाय जुनी कुंपणे काढून नव्याने घालावी लागत. वडिलांनी घातलेले कुंपण उपटायला माणूस राजी होतो, तेव्हा त्याला आतून काहीतरी पटलेले असते.

तरीही ‘लादले का’ हा प्रश्न उरतोच, तर त्याचे उत्तर जिल्हा मंडळांत आहे. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यपालांना नमुना कायदा पाठवला. त्यानुसार शेतकऱ्यांनीच आपल्या भागात मृदसंधारण मंडळ स्थापायचे आणि ते मुख्यतः त्यांच्याच निवडून आलेल्या प्रतिनिधींनी चालवायचे. पहिले मंडळ ऑगस्ट १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ब्राउन क्रीक इथे झाले, बेनेटच्या जन्मगावच्या परिसरात. केंद्राचा तंत्रज्ञ मंडळाच्या मदतीला असे, पण हुकूम सोडायचा त्याला अधिकार नव्हता. नमुना कायद्यात मतदान घेऊन जमीन वापरावर बंधने घालायची तरतूद होती, ती फार क्वचित वापरली गेली. आज अशी मंडळे देशभरात सुमारे ३,००० आहेत. सरकारी योजना नव्वद वर्षे जगते ती अशी गावातल्या माणसांच्या हाती दिल्यामुळे, असे मला मनापासून वाटते.

विज्ञानही याच काळात पक्के झाले. चाळीसच्या दशकात ओहायोतल्या कोशॉक्टन केंद्रावर एलिसन या संशोधकाने दाखवून दिले की मातीचा कण सुटा होतो तो आधी पावसाच्या थेंबाच्या माऱ्याने. वाहते पाणी त्याला नंतर उचलते. म्हणून उघडी जमीन झाकणे हे बांधाइतकेच मोठे काम ठरले. नंतर विश्मायर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी अनेक केंद्रांवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र करून धुपेचे सूत्र बसवले: पाऊस, माती, उताराची लांबी आणि तीव्रता, पीक, संधारणाचा उपाय. १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात आले. आपल्याकडे कृषी अभियांत्रिकीत शिकवतात ते हेच सूत्र, आणि जमिनीचे वापराच्या क्षमतेनुसार पाडलेले एक ते आठ वर्गही तिकडूनच आले.

चुकाही झाल्या, आणि त्या मोठ्या होत्या. दक्षिणेत घळी झाकायला कुडझू नावाची वेल लावायला एकरी ८ डॉलरपर्यंत अनुदान दिले. ती आता झाडेच्या झाडे गिळते. जिवंत कुंपण म्हणून वाटलेला बहुफुली गुलाब आज अनेक राज्यांत उपद्रवी तण ठरवलेला आहे. आणि दक्षिणेतल्या वाट्याने कसणाऱ्या गरीब कुळांपर्यंत हे काम फारसे पोचलेच नाही. एका वर्षाच्या बोलीवर रान कसणारा माणूस दहा वर्षांनी फळ देणारा बांध कशाला घालील?

आता मोडण्याकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नत्र खत स्वस्त झाले. तोपर्यंत मक्याला नत्र मिळावे म्हणून फेरपालटीत क्लोव्हर लागायचे, आणि त्या निमित्ताने उतारावर दोन-तीन वर्षे गवताचे छत्र राहायचे. पोत्यातून नत्र यायला लागल्यावर क्लोव्हरची गरज संपली. ट्रॅक्टर आल्याने घोड्यांचा ओट संपला. मध्य-पश्चिमेतल्या कितीतरी शेतांवरून गुरे मोठ्या बंदिस्त गोठ्यांत गेली, तेव्हा कुरण आणि वैरणही संपली. राहिले मका आणि सोयाबीन. दोन ओळींचे पेरणीयंत्र वळणाच्या पट्ट्यात चालायचे, आठ-बारा ओळींचे चालेना. १९५६ च्या योजनेत भाडे देऊन जवळपास २ कोटी ८० लाख एकर जमीन गवताखाली ठेवली होती. करार संपले तशी त्यातली बहुतेक पुन्हा वहितीत आली. १९७२-७३ मध्ये रशियाने मोठी धान्यखरेदी केली, भाव कडाडले, आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा हे सरकारचेच धोरण झाले. नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत १९३५ ते १९४२ या काळात २२ कोटी झाडांच्या वारारोधक रांगा लावल्या होत्या. नेब्रास्कासारख्या राज्यांत गोल फिरणारी सिंचनयंत्रे आली आणि वाटेत येणाऱ्या कितीतरी रांगा तोडल्या गेल्या. वर्षाचा हप्ता भरायचा असलेल्या शेतकऱ्याला मी यात दोष देणार नाही. पण ज्या सरकारने झाडे लावायला पैसे दिले, त्याच सरकारच्या भाव-धोरणाने ती तोडायला लावली, याचा मला राग येतो.

कून व्हॅलीत मात्र पट्टे राहिले. कारण तिथे गाई राहिल्या, गाईंना लसूणघास लागत होता, आणि त्या उतारांवर सोयाबीनची मोठी यंत्रे तशीही चालली नसती. भूगोलज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी या खोऱ्यातला गाळ अनेक वर्षे मोजला. १९७५ ते १९९३ या काळात दरीत गाळ साचायचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे ६ टक्के इतकाच उरला होता. मृदसंधारणाच्या कामाचा इतक्या दीर्घ काळाचा मोजलेला पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. मुंबई इलाख्यात १९४२ चा जमीन सुधारणा कायदा आला आणि त्याखाली सोलापूर-विजापूरकडे समपातळी बांध पडले. हिशोब तोच होता, पण आमचा बांध गट नंबरांच्या हद्दी तिरका कापत जायचा. एकाच्या रानात पाणी तुंबायचे, दुसऱ्याच्या रानात ओल कमी पडायची, आणि पहिला माणूस रातोरात बांध फोडायचा. अख्ख्या शेताचा नकाशा मालकाबरोबर बसून करायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पाच-सहा एकरांच्या तुकड्यांत ती सोपीही नव्हती, हे मान्य करायला हवे.

शेवटी एक इशारा, कारण कून व्हॅलीकडे पूर्ण झालेले काम म्हणून पाहणे चूक ठरेल. १९५४ च्या पाणलोट कायद्याखाली तिथे पूर अडवणारे १४ छोटे मातीचे बंधारे बांधले होते. ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत त्यातले तीन फुटले. बंधाऱ्यांच्या टोकांशी डोंगराचा भेगाळलेला वालुकाश्म होता, आणि पाणी त्यातून वाट काढून गेले. त्यानंतर खोऱ्यातले लोक पुन्हा एकत्र येऊन परिषद चालवतात. पण त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न बंधाऱ्यांपेक्षा गाईंचा आहे. १९५० च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये दूधधंद्याची लाखाहून जास्त शेते होती, आता ती सहा हजारांच्या आत आली आहेत. गोठा बंद झाला की लसूणघास कोणासाठी ठेवायचा? पट्टे टिकवायचे असतील तर त्या गवताला दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागेल, चराईवरच्या मांसाचे असो की पाणी अडवल्याबद्दल खालच्या गावांनी द्यायच्या मोबदल्याचे. यातले काय चालेल यावर तिथे आत्ता खटपट सुरू आहे. कोणाला या विषयात काम करायचे असेल तर त्या परिषदेच्या बैठकांचे अहवाल वाचायला सुरुवात करा.