ब्लॉगचा संदर्भ दिला तर प्रबंध हलका ठरतो का?

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेच्या ताणाबद्दल मुलं समाजमाध्यमांवर कसं बोलतात, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शकांनी मसुदा परत केला. समासात शेरा आहे, ‘ब्लॉग आणि पोस्ट हे संदर्भ नव्हेत.’ मग या विषयावर लिहायचं तरी कसं? पुढे पीएचडी करायची आहे, तेव्हा असे संदर्भ आड येतील का? मी स्वतःही ब्लॉग लिहिते. त्यातला मजकूर प्रबंधात घेतला तर चालेल का?

उत्तर : पत्रासोबतची पानं वाचली. मार्गदर्शकांचा शेरा मला निम्मा पटला. एका ठिकाणी तू लिहिलं आहेस की परीक्षेच्या काळात मुलांची झोप कमी होते, आणि आधार म्हणून कुणाचा तरी ब्लॉग दिला आहेस. तो काढून टाक. झोप कमी होते की नाही, हे मोजून पाहणारे शोधनिबंध आहेत, ते वाच आणि त्यांचाच आधार दे. पण पुढच्याच पानावर, रात्रभर जागल्याचे विनोद मुलं कसे करतात हे दाखवायला तू काही पोस्ट घेतल्या आहेस. त्या काढल्यास तर प्रबंधात उरेल काय? तीच तर तुझी सामग्री आहे.

एखादी पोस्ट ‘अमुक माणूस असं म्हणाला’ याचा उत्तम पुरावा असते. तो म्हणाला ते खरं आहे, याचा पुरावा ती क्वचितच असते. प्रत्येक संदर्भापाशी थांबून तो या दोन्हींपैकी कशासाठी दिला आहे, हे बघ. मार्गदर्शकांशी बोलतानाही हाच फरक पुढे ठेव. सरसकट बंदीची भाषा बहुधा तिथेच मावळेल.

आणि ब्लॉग म्हणजे दुय्यम, असंही नाही. गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एक अवघड प्रश्न सगळ्यांसमोर मांडला. प्रतिक्रियांमधून अनेकांनी मिळून तो सोडवला आणि ती सिद्धता पुढे ‘पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आली. दुसरं उदाहरण तर मला फारच आवडतं. डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ या नामवंत नियतकालिकाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एक जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढू शकतो, असा त्यात दावा होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी काही दिवसांतच ब्लॉगवर त्यातल्या त्रुटी दाखवल्या, मग स्वतः प्रयोग केले, आणि ते २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्येच छापून आले. मूळ निबंध अखेर २०२५ मध्ये मागे घेतला गेला. या वादाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो ब्लॉग वगळता येणार नाही. जिवाणूच्या रसायनाबद्दल लिहिणाऱ्याने मात्र २०१२चा निबंधच द्यावा.

नोंद कशी करायची, हा त्यामानाने सोपा भाग. एपीए या संदर्भ नोंदवण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार आधी नाव, मग चौकटी कंसात हँडल (म्हणजे युजरनेम), तारीख, शीर्षकाच्या जागी मजकुराचे पहिले वीस शब्द, पोस्टचा प्रकार, माध्यमाचं नाव आणि लिंक. शुद्धलेखन सुधारायचं नाही. इमोजीही ठेवायचा, तो एक शब्द धरतात. ब्लॉगवरचा लेख नियतकालिकातल्या लेखासारखा नोंदवायचा. एमएलए आणि शिकागो या दुसऱ्या पद्धतींचे नियम वेगळे आहेत, तेव्हा विभागात कोणती पद्धत चालते ते आधी विचार.

खरी धास्ती वेगळीच आहे. पोस्ट नाहीशा होतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास पाचातलं एक ट्वीट काही महिन्यांतच दिसेनासं झालं होतं, आणि २०१३ मधल्या ३८ टक्के वेबपानांचा दहा वर्षांनी पत्ता नव्हता. त्यामुळे सार्वजनिक पान वाचलंस की लगेच वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, त्याची प्रत जतन कर आणि ती लिंक नोंदीत दे. स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ तुझ्या वहीत असू दे. परीक्षक विचारतातच.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. तू मुलांची वाक्यं जशीच्या तशी, युजरनेमसकट छापली आहेस. नाव पुसलंस तरी ते वाक्य शोधयंत्रात टाकलं की मूळ माणूस सापडू शकतो. मध्यरात्री ‘आता सहन होत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाने ते तुझ्या प्रबंधासाठी लिहिलेलं नाही. मंत्र्याने किंवा संस्थेने जाहीरपणे लिहिलेलं नावानिशी उद्धृत कर, त्यात संकोच नको. सामान्य माणसाची पोस्ट असेल तर परवानगी घे, नाहीतर आशय आपल्या शब्दांत सांग. अशा पोस्ट संदर्भसूचीत न घालता ‘पोस्ट क्र. १’, ‘पोस्ट क्र. २’ अशा सामग्री म्हणून दाखव आणि त्या कशा निवडल्या, ओळख का लपवली, हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिही. बंद गटातलं काहीही परवानगीशिवाय घेऊ नकोस. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१९ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मोफत वाचता येतात. ती वाच, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे अर्ज करावा लागतो का, हे याच आठवड्यात विचार.

पीएचडीच्या मुलाखतीत ब्लॉगचा संदर्भ दिला म्हणून तुला कुणी बाजूला सारणार नाही. तो का दिला हे सांगता आलं नाही, तर मात्र अडचण होईल. उलट ऑनलाइन सामग्री नीट निवडता, जपता आणि हाताळता येणारी माणसं समाजशास्त्र, भाषाविज्ञान, पत्रकारिता या सगळ्याच क्षेत्रांना हवी आहेत. पद्धतीचं ते प्रकरण नीट लिहिलंस तर अर्जासोबत लेखनाचा नमुना म्हणून तेच जोडता येईल.

राहिला तुझा ब्लॉग. त्यातले परिच्छेद गुपचूप प्रबंधात उतरवू नकोस. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर ते पकडतं आणि स्वतःच्याच मजकुराची चोरी केल्याचा ठपका येऊ शकतो. इतर कुणाच्याही लेखासारखी त्याचीही नोंद दे, किंवा ‘या भागाचा पूर्वीचा मसुदा माझ्या ब्लॉगवर प्रसिद्ध झाला आहे’ अशी तळटीप टाक. कोणता भाग घेतला आहे, ते मार्गदर्शकांना प्रबंध सादर करण्याआधीच दाखवून ठेव.