बाटली उघडायची कधी? मुरत ठेवलेल्या रेड वाइनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे फ्रान्समधल्या बोर्दोच्या एकाच वाइनच्या ६ बाटल्या आहेत, २०१० सालच्या. समीक्षकांनी '२०२० ते २०४५' असा पिण्याचा काळ दिला आहे. पंचवीस वर्षांच्या या पल्ल्यात नेमकी केव्हा उघडायची?

उत्तर : ते आकडे म्हणजे अंदाज, आणि बोर्दोच्या बाबतीत तो बहुधा वाइन पिंपात असतानाच चव घेऊन बांधलेला असतो. पहिला आकडा फार तर 'यापुढे प्यायला त्रास होणार नाही' एवढं सांगतो. दुसरा बहुतेक वेळा सढळ हाताने दिलेला असतो. तुमचं खरं भांडवल आहे त्या ६ बाटल्या. एक आत्ताच उघडा.

चव घेताना फळाचा स्वाद आणि तुरटपणा यांचा हिशेब मांडायचा. तरण्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळून धरतं. वर्षं सरतात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही जड होऊन गाळ म्हणून खाली बसतात, आणि तुरटपणाची धार बोथट होते. आंबटपणा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, आणि ताज्या फळाचा स्वाद ओसरतच जातो. एकदा गेला की परत येत नाही. त्यामुळे टॅनिन मऊ पडेपर्यंत फळ तग धरेल का, एवढंच ठरवायचं असतं.

घोट गिळल्यावर १० सेकंद काहीच करू नका. तुरटपणा आधी विरला आणि फळाची चव मागे रेंगाळली, तर वाइन तयार आहे. फळ आधी संपून नुसती कोरड उरली, तर घोट तोंडात असताना काय जाणवलं ते आठवा. तेव्हा फळ भरगच्च होतं? मग थांबा. तेव्हाही मध्ये पोकळ वाटलं? मग थांबून काही हाती लागणार नाही. १९७५च्या अनेक बोर्दो वाइनचं असंच झालं. टॅनिन इतकं कडक होतं, की ते नरम येण्याआधीच फळ सुकून गेलं.

वासही बोलतो. ब्लॅककरंट आणि नव्या ओकचा व्हॅनिला एवढंच नाकात येत असेल, तर वाइन अजून पोरवयात आहे. त्यात देवदार, तंबाखू, चामडं, ओला पाचोळा मिसळू लागला आणि फळही जागेवर आहे, तो टप्पा बहुतेकांना सर्वात आवडतो. फळ नाहीसं होऊन फक्त मशरूम आणि सोया सॉससारखा वास उरला, तर वेळ टळून गेली. अर्थात कुणाला तरणी, रांगडी वाइनच आवडते. तो दोष नव्हे, आणि तशा माणसाने २० वर्षं वाट पाहण्यात अर्थही नाही.

अर्धी बाटली बूच लावून थंड जागी ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशी ती जास्त खुलली असेल, तर उरलेल्या पाचांना अजून बरीच वर्षं आहेत. तासाभरातच मान टाकली, तर त्या वर्षा-दोन वर्षांत संपवा. ही कसोटी ढोबळ आहे. उघड्या बाटलीत हवेने होणारा झटपट बदल आणि बंद बाटलीतलं संथ मुरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची बाटली २ वर्षांनी उघडा. फारसा फरक नसेल, तर नंतरचं अंतर ३-४ वर्षांचं करा. आणि लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वीची चव कुणाच्याही लक्षात राहत नाही.

प्रश्न : तिसऱ्या वर्षी सुरेख लागलेली वाइन सातव्या वर्षी उघडली, तर वास नाही, चव नाही, नुसती कठीण. बिघडली का?

उत्तर : बहुधा नाही. मुरायला ठेवण्याजोग्या अनेक रेड वाइन मध्येच काही वर्षं मिटून बसतात. सुरुवातीचा टवटवीत फळांचा वास गेलेला असतो आणि मुरलेला वास अजून आलेला नसतो. बोर्दो, इटलीतली बारोलो आणि फ्रान्समधल्या ऱ्होनच्या उत्तर भागातल्या सिरा द्राक्षाच्या वाइनमध्ये हे नेहमीचं आहे.

मात्र एक शंका फेडून घ्या. बुचातून येणारं टीसीए नावाचं द्रव्य अगदी थोडं असलं, तरी कुबट वास येण्याआधीच फळाचा वास दाबून टाकतं. ग्लास अर्धा तास तसाच ठेवा. मिटलेली वाइन हवेने थोडी तरी उलगडते. टीसीए असेल, तर ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास हळूहळू वर येतो. तो दोष त्या एका बुचाचा असतो, तुमच्या बाकीच्या बाटल्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : ग्लासात कडेला विटकरी रंग दिसला. म्हणजे उशीर झाला?

उत्तर : द्राक्ष कोणतं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा पातळ थर पाहा. जांभळा, मग माणकासारखा लाल, मग विटकरी, शेवटी तपकिरी असा क्रम असतो. पण नेबिओलो हे द्राक्ष मुळातच फिकं, आणि त्याच्यापासून बनणारी बारोलो तर कायद्यानेच किमान ३८ महिन्यांनी बाजारात येते, त्यांतले १८ महिने लाकडात. तिच्या कडेला केशरी झाक लवकर दिसते, तेव्हा टॅनिन अजून दात दाखवत असतं. पिनो न्वार या द्राक्षाची वाइनही लवकर फिकट होते. उलट दहा वर्षांची कॅबर्ने किंवा सिरा मधोमध जवळपास काळी राहू शकते. रंग साक्षीदार म्हणून ठीक, निकाल चवीनेच लावावा. कडेपासून मध्यापर्यंत सगळीच तपकिरी आणि निस्तेज दिसली, तर मात्र आशा ठेवू नका.

प्रश्न : एकच बाटली आहे. न उघडता काय कळेल?

उत्तर : आधी पातळी पाहा. बोर्दो पद्धतीच्या उंच खांद्यांच्या बाटलीत पहिली दहा-पंधरा वर्षं वाइन मानेतच असायला हवी. विसाव्या वर्षानंतर ती खांद्याच्या वरच्या टोकाशी आली तर चालतं. खांद्याच्या मध्यावर असेल तर जोखीम आहे, त्याखाली गेली तर आत बरीच हवा शिरली आहे. बूच वर सरकलं असेल किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटलीने कधीतरी उष्णता सोसली आहे.

मग आकार. ३७५ मिली आणि १.५ लिटरच्या बाटल्यांची तोंडं जवळपास सारखीच असतात, त्यामुळे बुचातून येणारा ऑक्सिजन मोठ्या बाटलीत जास्त वाइनमध्ये वाटला जातो. मॅग्नम (१.५ लिटरची) सावकाश मुरते, अर्धी बाटली (३७५ मिलीची) लवकर.

बाकी भरवसा साल आणि द्राक्षावर. बोर्दोची २००५ किंवा २०१० ही सालं दमाची, २००७ आणि २०१३ हलकी आणि लवकर प्यायची. फ्रान्समधल्या बोजोले गावांच्या चांगल्या वाइनला साधारण ३ ते १० वर्षं, चांगल्या बारोलोला १० ते २५. रोजच्या पिण्याच्या साध्या रेड मुरत ठेवण्यासाठी बनवलेल्याच नसतात. २-३ वर्षांत संपवा. बुचातून सुई घालून, आरगॉन वायू सोडून घोटभर वाइन काढणारं कोराव्हिनसारखं उपकरण इथे कामी येतं, पण जुनं बूच ठिसूळ असेल तर भोक नीट मिटत नाही.

यातून काहीच ठरत नसेल, तर लवकर उघडा. कोवळ्या वाइनला हवा देऊन थोडं वळणावर आणता येतं, उतरलेलीला वर काढता येत नाही.

प्रश्न : बाटल्या ५ वर्षं साध्या कपाटात होत्या, उन्हाळ्यात २८ अंशांपर्यंत. समीक्षकांनी दिलेल्या वर्षांतून किती वजा करायची?

उत्तर : वजाबाकीने भागणार नाही. ते आकडे साधारण १२-१३ अंशांच्या स्थिर तळघरासाठी असतात. उष्णतेने सगळ्या प्रक्रिया वेगावतात, पण सारख्या प्रमाणात नाही. मुरल्याची चव येण्याऐवजी फळ शिजल्यासारखं, जॅमसारखं लागतं. चढउतार आणखी वाईट : गरम झालं की वाइन फुगून बुचाकडे रेटते, थंड झालं की हवा आत ओढली जाते. एक उघडून पाहा, आणि ठीक असेल तर बाकीच्यांचा मुक्काम वाढवू नका.

प्रश्न : तीस वर्षांची बाटली किती तास आधी डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओतावी?

उत्तर : तास नाही, दिवस मोजायचे, आणि तेही उभं ठेवण्याचे. आडवी बाटली २ दिवस आधी उभी करा, म्हणजे गाळ तळाला बसेल. बूच हळू काढा. जुनी बुचं मधोमध तुटतात, तेव्हा दोन पात्यांचा ओपनर बरा. मानेखाली दिवा किंवा टॉर्च धरून न थांबता एका धारेत ओता. गाळाची काळी रेघ खांद्यापाशी आली की हात थांबवा. तळाची थोडी वाइन वाया जाते, जाऊ द्या; ती कडवट आणि कचकचीत लागते.

बूच काढणं आणि ओतणं पिण्याच्या ऐन वेळी करायचं, वाइन १६ ते १८ अंशांवर असताना. तासभर हवा देणं हे तरण्या, आवळलेल्या वाइनसाठी. इतकी जुनी वाइन तेवढ्या वेळात विझू शकते. उघडताच थोडा शिळा, कोंदट वास आला तर लगेच ओतून देऊ नका. बंद राहिल्याचा वास ग्लासात दहा मिनिटांत उडून जातो.